अहिरे सर आणि उनपदेवचं पाणी

"काय सर, बरं आहे ना?" असं अहिरे सरांना विचारण्याची चूक आमच्या कॉलनीत कुणी दुसऱ्यांदा करत नसे. सर जागच्या जागी थांबत, हातातली पिशवी खाली ठेवत, डाव्या मनगटावर बोटं टेकवत आणि उजव्या हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहत. घड्याळ उजव्या हाताला बांधायचं कारणच ते. विचारणारा बिचारा एक पाय स्कूटरवर आणि एक रस्त्यावर ठेवून ताटकळत राही. नाडी मोजून झाली की सर मान हलवत, "हो. बरं आहे." आणि वर समजावत, "उगाच तोंडाला येईल ते कशाला सांगायचं? बघून सांगितलेलं बरं."

सर आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. जळगावातल्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, पण विज्ञान काही सुटलं नाही. त्यांचा एक शब्द होता: पुरावा. तो ते प्रश्नचिन्हासकट उच्चारत. भाजीवाली म्हणाली, "मास्तर, वांगी आत्ता तोडून आणली," की सर म्हणत, "पुरावा?" एकदा ती वैतागून म्हणाली, "वांगं काय तलाठ्याचा दाखला घेऊन येतं का?" सरांनी देठाचे काटे बोटाला टोचून पाहिले, बोट चोखलं आणि म्हणाले, "हा पुरावा. आता किलोभर दे."

माझी बायको कल्पना एकदा अंगणात सहज म्हणाली, "काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही." सरांनी कुंपणापलीकडून विचारलं, "पहाटे गल्लीत कुत्र्यांची मारामारी झाली, ती ऐकलीत?" कल्पना म्हणाली, "नाही बा." सर म्हणाले, "मग लागला होता डोळा." त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याकडून सरांना वाटीभर भाजी गेली नाही.

त्यांच्या शाळेतली एक गोष्ट तर गावभर झाली होती. एका पोराने सांगितलं, गृहपाठाची वही शेळीने खाल्ली. सर म्हणाले, पुरावा? दुसऱ्या दिवशी पोरगं शेळीच घेऊन वर्गात हजर. सरांनी शेळीचं तोंड उघडून बघितलं, तिला खडू हुंगायला दिला, तिने तो खाल्ला, आणि सरांनी पोराला माफ केलं. हे सगळं ते आजही हसता हसता सांगत नाहीत. त्यांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नाही.

मला खरं तर या माणसाचा कंटाळा यायचा. माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावून घरी यावं, तर दारात हे उभे. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्यापासून तर जास्तच. मुलगा पुण्याला, सुनेची नोकरी तिथंच, नातवंडं फोनवर. संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि मी काही बोललो की त्याची तपासणी करत. माणसाला एकटं घर खायला उठतं, हे मला कळत नव्हतं असं नाही, पण थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं एकटेपण लवकर दिसत नाही.

मग दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घरात अक्का आल्या.

अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन जमाना झाला, मुलगी सुरतेला दिलेली. आल्या त्या उजव्या पायाला पांढरी पट्टी बांधून. चुलीपुढे बसल्या असताना निखारा पायावर पडला आणि त्यांना समजलंच नाही. साखरेने पायाच्या नसा मेलेल्या. "काहीतरी जयस, असा वास उना," त्या मला सांगत होत्या, "मी आख्खं घर शोधी काढं. अन् जये कोन? मीच!" हे सांगून त्या खो खो हसल्या. सर दारात उभे होते, ते हसले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी उघड झाली. सगळी कॉलनी ज्यांना डी. एल. अहिरे म्हणून ओळखत होती, त्यातला 'डी' म्हणजे दगडू. अक्कांच्या पाठची पोरं जगली नाहीत म्हणून हे नाव ठेवलेलं. अक्का ओसरीवरून "ओ दगडू!" अशी हाळी मारायच्या आणि आमचे ताठ मानेचे सर "उनू, उनू" म्हणत धावायचे. आमच्याशी छापल्यासारखं मराठी बोलणारा हा माणूस बहिणीपुढे अहिराणीत असा विरघळून जायचा की कल्पना पदराआड हसायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं: अनवाणी चालायचं नाही, चुलीजवळ बसायचं नाही, गरम पाण्यात पाय घालायचे नाहीत. सर ते रोज अक्कांना ऐकवत. अक्का म्हणत, "पाय मना शेतस का डॉक्टरना?" तरी जखम भरली. सर रोज सकाळी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटांत बघत, जणू वर्गात कुणी कॉपी करतंय का ते शोधताहेत. घरातून फोडणीचा वास यायला लागला. सर आमच्या ओट्यावर यायचे थांबले. एका संध्याकाळी मी कुंपणापाशी उभा असताना ऐकलं, अक्का म्हणत होत्या, "आज भाकर मस्त व्हयनी ना?" मी वाट बघत होतो त्या एका शब्दाची. तो आलाच नाही. सर नुसते म्हणाले, "मस्त व्हयनी."

पण जखम भरली तसं अक्कांनी घरचं काढलं. आपलं दार बंद आहे, ओटा सारवायचा राहिलाय, शेजारीण शेळीचं दूध कुणाला घालत असेल, असं रोज नवं काहीतरी. सर रोज नाही म्हणत. त्यांनी पुढच्या खोलीत अक्कांसाठी नवी खाट आणून टाकली होती, खिडकीपाशी, रस्ता दिसेल अशी. अक्का खाटेवर बसायच्या, रस्ता बघायच्या आणि म्हणायच्या, "माले घर कवय लई जाशी?"

शेवटी एक दिवस त्यांनीच अट घातली. लहानपणी त्यांच्या आईच्या हाताला खरूज झाली होती, तेव्हा बापाने बैलगाडी जुंपून सगळ्यांना सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला नेलं होतं. तिथं दगडी गोमुखातून ऊन पाणी पडतं. आईचे हात बरे झाले. अक्का म्हणाल्या, "माले उनपदेवले लई चाल. पायले ऊन लागनं, ते मी मना घर जासू. नही लागनं, ते तुनाकडे ऱ्हासू. मंग घरनं नाव लेवाव नही."

सर त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "विजय, तुझी गाडी पाहिजे. प्रायव्हेट. एसटीच्या धक्क्यांत तिला नेणार नाही. एका दिवसात जाऊन येऊ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाण्यात गंधक असतं. गंधकाने खरूज जाते. मेलेली नस परत येत नाही. प्रयोग करू, पण निष्कर्ष ठरलेला आहे. अक्का इथंच राहणार."

"अजिंठाही करू," ते जाता जाता म्हणाले. "आधी तथागत, मग गंधक."

माघाचे दिवस होते. आम्ही उजाडताना निघालो. कल्पनाने भरीत-पुरी बांधून दिली होती, अक्कांसाठी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी वेगळी. सरांनी मागच्या सीटवर अक्कांना बसवलं, पायात दोन जोड मोजे, खाली उशी आणि शेजारी प्लॅस्टिकचा टब. टब कशाला, असं मी विचारलं. "प्रयोगाचं साहित्य," ते म्हणाले. फर्दापूरच्या पुढे खाजगी गाड्या थांबवून लेण्यांच्या बसमध्ये बसवतात. सर तिथल्या माणसाला म्हणाले, "पण आमची प्रायव्हेट आहे." तो म्हणाला, "म्हणूनच थांबवली."

लेण्यांपाशी डोलीवाले होते. अक्का डोलीत बसायला तयार होईनात. "खांदावर जावाले अजून येळ शे माले," त्या म्हणाल्या. डोलीवालेसुद्धा हसले. पण पायऱ्या बघून सरांचा चेहरा असा झाला की अक्का निमूट बसल्या. सर डोलीच्या बरोबरीने चालत होते, आणि डोली कलली की हात वर करत होते, जणू पडली तर ते एकटेच झेलणार होते.

शेवटच्या बाजूच्या एका लेण्यात तथागतांची ती निजलेली मोठी मूर्ती आहे. सर हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "सर, इथं पुरावा मागत नाही?" वाटलं चिडतील. ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी विश्वास ठेवा असं कधी सांगितलंच नाही, विजय. या, बघा, पटलं तर घ्या, एवढंच सांगितलं. म्हणून तर आम्ही त्यांचे झालो." वर्षानुवर्षं ज्या शब्दाची मी चेष्टा करत होतो, तो त्यांना कुठून मिळाला हे मला त्या दिवशी कळलं.

अक्का मात्र मूर्तीच्या पायांकडे बघत होत्या. एकावर एक ठेवलेले ते पाय. बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "दगडू, याले बी मुंग्या येत व्हतीन का रे?"

"अक्का, ते महापरिनिर्वाण शे. झोप नही ती."

"ते माले समजस. पन पाय ते पायच शेतस ना."

बाहेर आल्यावर सरांनी अक्कांचे मोजे काढून तळवे बघितले, खडा बिडा लागला नाही ना, आणि पुन्हा चढवले.

परत जळगाव ओलांडून, तापीच्या पुलावरून आम्ही अडावदकडे निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दोन्ही बाजूला केळीच्या बागा. अक्का काचेला नाक लावून बसल्या होत्या. अडावदहून सातपुड्याकडे वळलो आणि त्या आईच्या हातांची गोष्ट पुन्हा सांगू लागल्या. यात्रेचा पौष उलटून गेलेला, त्यामुळे गर्दी नव्हती. दोन-चार कुटुंबं, काही पोरं अंघोळ करून कुडकुडत कपडे घालत होती. गोमुखातून पाणी पडत होतं आणि त्याच्यावर वाफ दिसत होती.

अक्कांना तिथंच, धारेखाली पाय धरायचे होते. सरांनी ठाम नकार दिला. धार तळहातावर घेतली आणि झटकन हात मागे ओढला. मग टब भरून आणला, दगडावर ठेवला, कोपर बुडवून बघितलं, जसं तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं बघतात. "थोडं निवू दे," म्हणाले. अक्का पायरीवर मोजे काढून बसल्या. डोंगरावरून गार वारा येत होता. सर गंधकावर बोलायला लागले, मग जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर, मग शाळेतल्या एका जुन्या प्रयोगावर. अक्का हूं हूं करत होत्या. मी टबात बोट घातलं. पाणी कोमट झालं होतं. सर बोलतच राहिले. आणखी वेळाने मी पुन्हा बोट घातलं, तर पाणी विहिरीच्या पाण्यासारखं थंडगार.

मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "सर, पार निवलं ते."

"माहीत आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नसा जिवंत असतील तर म्हणेल थंड आहे. नसतील तर काहीच सांगता येणार नाही. गरम पाण्यात तिला अंदाजाने बोलता आलं असतं. हाच खरा प्रयोग."

मला ते आवडलं नाही. म्हाताऱ्या बाईला असं पकडायचं म्हणजे काय? पण बोलावं तरी कसं? पायाला भाजलेलं कळत नाही अशी बाई एकट्या घरात चूल पेटवणार, हे मलाही दिसत होतं.

अक्कांनी पाय टबात सोडले. डोळे मिटले. आम्ही दोघं उभे. पाण्याच्या धारेचा आवाज तेवढा चालू होता. मग त्यांचा सगळा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या, "ऊन शे रे दगडू! मस्त ऊन शे. बठ्ठ्या मुंग्या गयात."

सरांच्या हातात आता पुरावा होता. असला पुरावा त्यांना उभ्या जन्मात कुणी दिला नसेल. एक वाक्य बोलायचं होतं: अक्का, पाणी थंड शे. की खाट, खिडकी, फोडणीचा वास, "ओ दगडू" ही हाळी, सगळं कायमचं त्यांचं होणार होतं. त्यांनी तोंड उघडलं. अक्कांनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघितलं. हसून नाही, घाबरूनही नाही. नुसतं बघितलं.

"हाऊ," सर मान हलवून म्हणाले. "ऊन शे."

मग ते खाली बसले. गळ्यातला मफलर काढून त्यांनी अक्कांचे पाय पुसले, एकेक बोट वेगळं करून, आणि मोजे पुन्हा चढवले. मी टब उचलून पाणी ओतून आलो. मला त्यांच्याकडे बघवेना.

अडावदच्या फाट्यावर मी गाडी हळू केली. डावीकडे जळगाव, उजवीकडे चोपडा आणि त्याच्या पुढे धरणगाव. मी आरशात बघितलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "उजवीकडे घे."

अक्कांच्या गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मातीचं, दोन खणांचं घर. अक्कांनी कमरेची किल्ली काढली. कुलूप उघडताना किल्ली बोटांतून सटकत होती, म्हणजे बोटांचंही तसंच चाललं होतं की काय कोण जाणे, पण सरांनी मदत केली नाही. हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहिले. दार उघडलं, बंद घराचा वास आला. अक्का आत गेल्या, दिवा लावला, भिंतीवरच्या बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींवरची धूळ पदराने पुसली, नमस्कार केला आणि उंबऱ्यावर येऊन बसल्या. हात फिरवून उंबरा चाचपला.

"दगडू," त्या म्हणाल्या, "पानी थंडं व्हतं ना?"

सर दचकले. "तुले कसं समजनं?"

"वाफ कोठे व्हती? पाय गयात, डोया शेतस ना अजून."

"मंग खोटं कसाले बोलनी, अक्का?"

"माले घर येवानं व्हतं." त्यांनी मान वर करून बघितलं. "नी तू कसाले खोटं बोलना?"

आमच्या कॉलनीतल्या प्रत्येक माणसाला वाक्यावाक्याला अडवणारा हा माणूस ओट्याखाली चपला काढून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. शाळेत उत्तर न येणारी पोरं अशीच उभी राहत असतील. मी गाडीकडे जायला निघालो. अशा वेळी परक्याने थांबू नये. पण गाडीपर्यंत त्यांचा आवाज आला.

"अक्का, मी आठेच ऱ्हाऊ का?"

"तुनं घर शे ना जयगावले?"

"घर शे. पन तठे माले कोनीच हाक मारस नही."

मी काचेवर पडलेली धूळ पुसत उभा राहिलो, पुसलेलीच पुन्हा पुसत राहिलो. मग अक्का म्हणाल्या, "मंग बाहेर काय उभा? मधमा ये. चुल्हा तू पेटाड. मी आठून सांगस, कसा पेटाडाना ते."

मी टब ओट्यावर ठेवून दिला. कल्पनाने दिलेल्या डब्यात एक भाकरी उरली होती, तीही ठेवली. सर आत चुलीपुढे उकिडवे बसून फुंकर मारत होते, ठसकत होते, आणि उंबऱ्यावरून अक्का त्यांना सांगत होत्या की काडी अशी नाही, तशी. त्यांनी माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही. मी तसाच निघालो. गाडी गावाबाहेर येईपर्यंत मला अक्कांचा आवाज ऐकू येत होता. त्या त्याला रागावत होत्या आणि तो हाऊ, हाऊ म्हणत होता.